अठ्ठेचाळीस नंबरची भोकं

आमच्या घरात आजवर एकही नळ गळलेला नाही. इथे आखातात, फहाहीलमधल्या ज्या इमारतीत आम्ही राहतो तिथे बाकीच्यांच्या मोऱ्या ठिबकतात, आमची नाही. याचं कारण आमचे हे. तेलाच्या पाइपलाइनींवर वेल्डिंग करण्यात ह्यांची उमर गेली. पाइपातून थेंबसुद्धा बाहेर येता कामा नये, एवढंच त्यांचं काम, आणि ते त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं की घरातल्या डब्यांची झाकणंही ते तशीच लावतात. फोडणी तडतडत असताना हळदीच्या डब्यासाठी मला ह्यांना हाक मारावी लागते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या झाकणांवरून आमचं भांडण अजून ताजं आहे.

त्यांच्या कामात एक रिवाज आहे. जॉइंट भरून झाला की वेल्डरनं त्याच्या शेजारी आपला नंबर टाकायचा. नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर. उद्या काही बिनसलं तर कोणाला धरायचं ते कळावं, म्हणून हा नंबर. पण वेल्डर लोकांना ती आपली सहीच वाटते. ह्यांचा नंबर सत्तेचाळीस. आमची मुलगी लहानपणी अंक म्हणायची तेव्हा पंचेचाळीस, शेहेचाळीस, बाबा, अठ्ठेचाळीस अशी म्हणायची. शाळेतल्या बाईंनी तक्रार केली तेव्हा ह्यांना कोण आनंद झाला होता.

मागच्या उन्हाळ्यात वेल्डरांची फेरपरीक्षा झाली. ह्यांचा हात पास झाला आणि डोळा नापास. उजव्या डोळ्याच्या पडद्यात बिघाड निघाला. आणखी वाढणार नाही, पण सुधारणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. कंपनीनं घरी पाठवलं नाही, स्टोअरमध्ये बसवलं. मी देवापुढे साखर ठेवली. ह्यांनी ती साखर तोंडात घातली आणि पुढे कितीतरी दिवस ते मूग गिळून बसले. वेल्डिंगचे रॉड दुसऱ्यांच्या हातात द्यायचे आणि संध्याकाळी घरी यायचं, एवढंच उरलं होतं. नंबर बंद झाला, हे त्यांनी मला सांगितलं ते जेवताना, मीठ मागावं इतक्या सहज.

मी काही फार हळवी बाई नाही. एकट्यानं राहणाऱ्या कोकणातल्या कामगारांना डबे पुरवते, पहाटेपासून कणकेत हात असतो, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायला वेळ कुठला? पण एक दिवस हळदीचा डबा माझ्या एका बोटानं उघडला. झाकण सैल होतं. मग मी मिठाचा उघडला, तिखटाचा उघडला. सगळे सैल. त्या दिवशी मी खरी घाबरले.

हा माणूस पुन्हा वेल्डिंगला बसला पाहिजे, असं मी तिथेच ठरवलं. कंपनीत नाही तर नाही, पण कुठेतरी. आता घरातली बाई नवऱ्याला काय वेल्डिंग करायला सांगणार? तवा तुटत नाही, पातेलं फाटत नाही. तोड निघाली ती पुण्यात शिकणाऱ्या आमच्या मुलीकडून. तिनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता. परदेशातला एक दाढीवाला माणूस लोखंडी पिंपाच्या एका टोकाला लाकडं पेटवून दुसऱ्या टोकाला कोंबडी धुरावर शिजवत होता. बाहेरून काळपट, आतून मऊ. ह्याला स्मोकर म्हणतात, असं तिनं सांगितलं.

थंडीचे दिवस होते. इथले लोक वाळवंटात तंबू ठोकून शेकोट्या करतात तो मोसम. आमच्या अलिबागकडे त्याच दिवसांत पोपटी लावतात. मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, ओवा-मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला ठासून तोंड बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. मी ह्यांच्या मागे लागले.

"मला धुरावरची कोंबडी खायचीये. पोपटीसारखी."

"हॉटेलात जाऊ."

"हॉटेलातली नको. हे असलं यंत्र पायजे मला." मी व्हिडिओ पुढे केला.

ह्यांनी डावा डोळा बारीक करून तो बघितला. "पत्र्याचं पिंप हाय. चार दिवसांत सडेल. आणि मी आता वेल्डिंग करत नाय, तुला म्हायतीये."

"तुम्हाला कोण सांगतंय? भाई करून देतील."

भाई म्हणजे श्रीवर्धनकडचे ह्यांचे जुने दोस्त. त्यांचं फहाहीलमागच्या गॅरेजांच्या वस्तीत गाड्या दुरुस्त करायचं छोटं दुकान आहे. गाडीचं इंजिन भाईंना कळतं, पण वेल्डिंग त्यांचं यथातथाच. ते मला पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच मी त्यांचं नाव घेतलं होतं. भाईंना आधी फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, वाईट काम करायला मला मुद्दाम मेहनत नाय लागायची."

खर्च बेताचा ठेवायचा होता, तेव्हा भंगारवाल्याकडे गेलो. भाईंनी एक जुनं पिंप पसंत केलं. हे बरोबर आले होते ते फक्त गाडी चालवायला, असं त्यांनी दोनदा सांगितलं. पण पिंपावर टिचकी मारून म्हणाले, "ह्यात काय काय भरलं असेल कोणाला ठाऊक. आणि पत्रा हाय हा." मग ढिगाच्या मागे जाऊन त्यांनी एका जाड पाइपाचा तुकडा शोधून काढला. मी आत वाकून बसले असते इतका रुंद, आणि माझ्या खांद्याएवढा लांब. पाइपाच्या कडेवर त्यांनी हात असा फिरवला की मला क्षणभर त्या पाइपाचा हेवा वाटला. भाव भाईंनी अरबीत पाडला. दारासाठी, पायांसाठी लागणारं लोखंड त्याच ढिगातून निघालं. नव्या घेतल्या त्या फक्त दोन बिजागऱ्या आणि रॉडचं पाकीट. रॉडच्या राशीवर बसणारा हा माणूस, पण कंपनीतला एक रॉड घरी आणणार नाही. फहाहीलच्या दुकानातून पाकीट घेतलं, तेही "भाईला लागेल" म्हणून.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये काम सुरू झालं. हे भिंतीशी खुर्ची टाकून पेपर उघडून बसले. भाईंनी पाइपाच्या तोंडाला गोल झाकण धरलं, हेल्मेट खाली ओढलं आणि पहिला टाका मारला. मी वेल्डिंगमधली जाणकार नाही, पण तो टाका बघून मलाही कसंतरी झालं. पेपर खाली आला. भाईंनी दुसरा टाका मारला. पेपर मिटला.

"भाई, कबुतर बसलं होतं काय तिथं?"

"तू पेपर वाच."

तिसऱ्या टाक्याला रॉड पाइपाला चिकटला आणि भाई तो गाढवाचं शेपूट ओढावं तसा ओढायला लागले. हे उठले, भाईंच्या हातून होल्डर घेतला, ग्राइंडर लावून ते तिन्ही टाके घासून काढले आणि हेल्मेट चढवलं. भाईंनी माझ्याकडे बघून हळूच भुवया उडवल्या. मी पोळ्यांचा डबा उघडायच्या निमित्तानं तोंड फिरवलं, कारण मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते.

त्यानंतरचे काही शुक्रवार ह्यांचेच. दिसायला त्रास व्हायचा. भाई शेजारी दिवा धरून उभे राहायचे, हे मान वाकडी करून डाव्या डोळ्यानं बघायचे आणि बाकीचं कानानं. वेल्डिंग बरोबर चाललं की कांदाभजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो, असं ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर बोलायला लागले होते, जेवणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायला लागले होते. मला इतकं बरं वाटलं की मी एकदा मुद्दामच मीठ कमी घातलं.

पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात ते उगाच नाही. व्हिडिओतल्या दाढीवाल्याचं पिंप इकडून तिकडून धुरकटत होतं. ते ह्यांना पहिल्या दिवसापासून सलत होतं. "गळतंय त्याचं," ते म्हणायचे. "कामाला इज्जत नाय त्या माणसाच्या." आमचा स्मोकर तसा होणार नव्हता. दाराच्या कडेला भट्टीच्या दाराला लावतात तसली जाड दोरी आली, ते आवळायला बोल्ट आले. धुराडं झालं, त्यालाही झाकण. सगळं झाल्यावर ह्यांनी धुराड्याला बूच मारून त्यातून भाईंच्या कम्प्रेसरची नळी आत घातली, हवा भरली आणि सगळ्या जॉइंटांना साबणाचं पाणी लावलं. कुठून हवा निसटली तर बुडबुडा यायला हवा. आम्ही तिघं वाकून बघत होतो. एकही बुडबुडा आला नाही.

"तेल भरून पाठव आता जहाजानं," भाई म्हणाले.

"पोपटीच्या मडक्याचं तोंड आपण बंद करतो ना?" हे मला म्हणाले. "वाफ आत राहते म्हणून तर चव. तसंच हाय हे."

मीही मान डोलावली. पोपटी मला त्यांच्याइतकीच ठाऊक होती, आणि तरी मला काही खटकलं नाही. मी एवढंच विचारलं, "नंबर नाही टाकला?" त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "बंद झाला ना तो." 

पुढच्या शुक्रवारी पेटवायचं ठरलं. रात्रभर ओवा, आलं-लसूण आणि घरच्या मसाल्यात मुरवलेल्या दोन कोंबड्या मी घेऊन गेले. तंबूवाल्यांच्या दुकानातून बाभळीच्या जातीचं लाकूड आणलं होतं. एका टोकाला लाकडं पेटवली, मस्त जाळ झाला, दुसऱ्या टोकाच्या जाळीवर कोंबड्या ठेवल्या, ह्यांनी दार लावलं आणि एकेक बोल्ट आवळला. धुराड्याचं झाकण उघडलं. दाट, पांढरा धूर वर निघाला. भाईंनी टाळी वाजवली.

थोड्या वेळात धूर पातळ झाला, मग एखाद्या आजोबांच्या विडीइतका, मग तोही नाही. दार उघडलं तर लाकडं काळी पडलेली. हवा लागताच भुस्सकन जाळ बाहेर आला आणि भाईंची मिशी एका बाजूनं चुरचुरली. पुन्हा पेटवलं, पुन्हा विझलं. लाकूड ओलं आहे, हे म्हणाले. भाईंनी दुसऱ्या दुकानातून लाकूड आणलं. तेही विझलं. कोंबड्या कच्च्या आणि धुराचा वास लागलेल्या, मध्येच लटकलेल्या.

तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिला बघायचंच होतं. मी फोन स्मोकरभोवती फिरवला. तिनं "वॉव" म्हटलं, मग जरा थांबून विचारलं, "बाबा, एअर इनलेट कुठे आहे? फायरला ऑक्सिजन कुठून मिळणार?"

भाईंनी वाकून स्मोकरच्या खालूनही बघितलं. मडक्याला जाळ बाहेरून असतो. इथे जाळ आत होता, आणि त्याला श्वास घ्यायला आम्ही एक सुईएवढी फट ठेवली नव्हती. दोन जन्मभराचे लोखंडाचे कारागीर आणि एक जन्मभर चुलीपुढे उभी असलेली बाई, तिघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. चुलीत फुंकणीनं फुंकत मी लहानाची मोठी झाले, माझी तर शरमच वाटायला हवी होती. भाई मात्र पोट धरून हसायला लागले आणि मीही हसले.

हे हसले नाहीत. खुर्चीवर बसले आणि हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"डोळा गेला तेव्हा वाटलं, हात तरी शाबूत हाय. आता डोकं पण गेलं. भाई, दे हे भंगारात."

"अरे, दोन भोकं पाड, झालं," भाई म्हणाले.

"माझ्या हातानं नाय होणार."

ते रागानं म्हणाले असते तर मी समजूत काढली असती. पण ते अगदी सहज म्हणाले, जेवताना मीठ मागितल्यासारखं, आणि माझं डोकंच फिरलं. सैल झाकणांचे ते सगळे महिने माझ्या डोळ्यांपुढे आले. पुन्हा ते दिवस मला नको होते. मी पदर खोचला आणि भाईंना म्हटलं, "ते भोक पाडायचं मशीन द्या इकडे."

"वहिनी, जाड पाइप हाय. हाताला झटका बसेल."

"बसू दे."

मी याआधी ड्रिल मशीन हातात धरलं नव्हतं. मिक्सर चालवते, तसंच असेल असं वाटलं. तसं नसतं. टोक लोखंडावर टेकवलं आणि बटण दाबलं तर ते सटकन घसरलं आणि पाइपावर एक लांब ओरखडा उठला. दुसऱ्यांदा सगळा जोर लावला तर टोकच तुटलं. भाईंनी दुसरं बसवून दिलं. मी पुन्हा भिडले. कर्कश आवाज आला.

"जोर लावू नको," मागून आवाज आला. हे खुर्चीवरच होते, बघतही नव्हते. "आवाज ऐक. ओरडतंय ते. तेल घाल."

भाईंनी तेलाचा थेंब टाकला.

"आता हळू. फिरू दे त्याला. थांब. परत तेल."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. एरवी मी हे ऐकून घेतलं नसतं. पण लोखंडाची बारीक वळवळती साल वर यायला लागली आणि थोड्या वेळानं टोक एकदम आत गेलं. भोक पडलं होतं. मी वाकून त्यातून बघितलं, आत काळोख आणि कोंबडीचा वास. दुसरं भोक पाडताना खुर्ची माझ्या मागे सरकल्याचा आवाज आला. तिसऱ्या भोकाला हे माझ्या शेजारी उभे होते. मशीनला त्यांनी हात लावला नाही, पण माझं कोपर धरून सरळ केलं. तरी ते तिसरं वाकडंच गेलं.

चार भोकं पडल्यावर लाकडं पुन्हा पेटवली आणि दार आवळलं. भोकांतून हवा आत ओढली जात होती, हात जवळ नेला की कळायचं. धुराड्यातून निळसर धूर निघाला आणि निघतच राहिला. भाई सगळ्या जॉइंटांवरून तळवा फिरवत एक चक्कर मारून आले. कुठेही धूर नव्हता. जाळ जरा जास्त झाला तेव्हा मी पोळ्यांसाठी डब्यात आणलेल्या कणकेचा गोळा एका भोकात बसवला. जाळ लगेच शांत झाला. गोळा काढला की वाढायचा. गॅसच्या बटणासारखा तो विस्तव माझ्या हातात होता.

"बघा," मी म्हटलं. "त्या दाढीवाल्याचं इकडून तिकडून गळतंय. त्याच्या विस्तवाला बटण नाही. तुमचा एक जॉइंट जरी गळका असता तरी माझ्या कणकेचं काय चाललं असतं?"

हे पुढे आले. खाली वाकून त्यांनी स्वतः एक गोळा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

दुपार कलताना कोंबड्या निघाल्या. कातडी तांबूस काळी, आत ओवा मुरलेला, हाड हातात यायच्या आधीच सुटत होतं. भांबुर्डीचा पाला नव्हता आणि त्याची आठवण आम्हा दोघांनाही झाली. ह्यांनी पहिला तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि म्हणाले, "मीठ कमी हाय." भाई अर्धी मिशी सांभाळत म्हणाले की मीठ बरोबर आहे, तोंड उघडलं हेच खूप आहे.

मला वाटलं, गोष्ट इथे संपली. पुढच्या शुक्रवारी माझ्या डब्यांचं काम उरकायला उशीर झाला, आणि मी गॅरेजवर पोचले तेव्हा हातोडीचे ठोके ऐकू येत होते. भाई इंजिनांवर मारतात ते लोखंडी आकड्यांचे ठसे घेऊन हे स्मोकरपुढे मांडी घालून बसले होते. दाराच्या जॉइंटापाशी, धुराड्याच्या बुंध्याशी, दोन्ही झाकणांच्या कडेला, पायांशी, सगळीकडे त्यांनी सत्तेचाळीस ठोकला होता. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर रडले असते.

मग ते सरकत सरकत भोकांपाशी आले आणि थांबले.

"ही माझी नायत," ते म्हणाले.

"मग राहू दे."

"राहू दे कसं? ज्याचं काम त्याचा नंबर. उद्या बिघडलं तर कोणाला धरायचं?"

त्यांनी डाव्या डोळ्यानं ठसे निवडले, मला त्या भोकांच्या बाजूला बसवलं आणि हातोडी मारली. चार, मग आठ. सत्तेचाळीसच्या पुढचा आकडा. बोटानं लोखंडाचा कीस झटकला.

उमर गेली माझी पोळ्या लाटण्यात. किती लोकांनी खाल्ल्या, किती जण त्या खाऊन कामावर गेले आणि घरी परतले, कोणी त्यांच्यावर नंबर टाकला नाही, आणि टाकावा असं मलाही कधी वाटलं नव्हतं. आता माझ्या हातच्या कामापुढे माझा नंबर होता. मी तिथेच, भाईंच्या देखत, पदर डोळ्यांना लावला आणि ह्यांनी तो बघितला नाही असं दाखवलं.

ते एकेका भोकात करंगळी घालून तपासत होते. तिसऱ्यापाशी जरा जास्त वेळ थांबले.

"हे वाकडं हाय," ते म्हणाले. "पण पास."

घरी आल्यावर मी चहा टाकला आणि साखरेचा डबा उघडायला गेले. झाकण घट्ट होतं. मी ह्यांना हाक मारली.